एका वर्षाचं साहित्य गावासमोर मांडायचं असेल तर १९५५ घ्या

तुमचा प्रश्न असा : गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, वाचनालय ड वर्गाचं, म्हणजे सगळ्यात लहान, पुस्तकं हजार-बाराशे. वर्धापनदिनाला ‘देशाच्या साहित्यातलं एक वर्ष’ या विषयावर तासभर बोला, असं कार्यकारिणीनं सांगितलंय. वर्ष कोणतं घ्यावं आणि त्या वर्षी निघालेल्या पुस्तकांची खात्रीची यादी कुठं मिळेल, हे तुम्ही विचारलंय.

मी वर्धा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. आमच्याकडेही वर्धापनदिनाला एक वर्ष निवडायचं, त्या वर्षाची पुस्तकं टेबलावर मांडायची आणि त्यावर बोलायचं, हे बरीच वर्षं चाललं. त्यावरून सांगतो, तुमची खरी अडचण यादीची नाही. यादी खटपट केली की मिळते. अडचण त्यापुढची आहे. दिवसभर वेचणी करून आलेल्या बाया आणि पारावरून उठून आलेली म्हातारी माणसं सतरंजीवर बसलेली असताना चाळीस नावं वाचून दाखवली, तर त्यातलं एकही नाव त्यांच्याबरोबर घरी जात नाही. देशाच्या साहित्यातलं ते वर्ष तुमच्या गावात कोणत्या वाटेनं आलं, हे आधी शोधायचं. ती वाट सापडली की वर्ष आपोआप ठरतं.

समोर कोण बसणार, यावर बरंच अवलंबून आहे. शाळेची मुलं असतील तर १९१३ सोपं जातं. रवींद्रनाथांना नोबेल मिळालं ते वर्ष, एक माणूस, एक गोष्ट, मुलं ऐकतात. वाचनालय विहाराला लागून असेल आणि तरुण पोरं येणार असतील तर १९५६-५७ ची जोडी घ्या : १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा, ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण आणि पुढच्या वर्षी त्यांचा बुद्ध आणि धम्मावरचा ग्रंथ छापून बाहेर. पण साधारण आपल्याकडे वर्धापनदिनाला वयस्क माणसंच जास्त येतात. तशीच येणार असतील तर मी डोळे मिटून १९५५ सांगेन.

कारण त्या वर्षी ग्रामगीता आली.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजात बसून खेड्यासाठी लिहिलेला हा ग्रंथ. एक्केचाळीस अध्याय, सगळे ओवीत. ग्रामशुद्धी, ग्राम-आरोग्य, जीवनशिक्षण, महिलोन्नती अशी अध्यायांची नावं आहेत. गावाचा उकिरडा कुठं असावा, विहीर कशी राखावी, पोरीला का शिकवावं, असे विषय ओवीच्या चालीत म्हणणारं पुस्तक त्या वर्षी देशात दुसरीकडं कुठं निघालं असेल असं मला वाटत नाही. त्याच १९५५ मध्ये महाराज जपानला विश्वधर्म परिषदेलाही गेले होते. म्हणजे देश आणि गाव या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच वर्षात तुम्हाला सापडतात. तुमच्या गावात महाराजांनी स्थापलेलं गुरुदेव सेवा मंडळ असेलच, निदान सामुदायिक प्रार्थनेचा ओटा तरी असेल. व्याख्यानाची सुरुवात तिथूनच करा.

एक प्रसंग सांगतो. अशाच एका वर्षाची तयारी करताना मी आमच्या शेजारच्या खेड्यात एका आजीकडे गेलो होतो. ती ओसरीवर सुपात तूर निवडत बसली होती. मी विचारलं, आजी, ग्रामगीता वाचली होती का तुम्ही? ती म्हणाली, “वाचली नाई बापा, आयकली. आमच्या घरी कुठचं पुस्तक! देवळात एक जन वाचे, अन् आमी साऱ्या जनी आयकत बसो.” मग तिनं ओव्या म्हणायला सुरुवात केली. एक ओवी म्हणायची, सुपातला एक खडा बाजूला टाकायचा. दहा-बारा तरी म्हटल्या असतील. सही करायला तिला शाई आणि अंगठा लागायचा. वाचनालयाच्या देवघेव नोंदीत तिचं नाव कधीच आलं नसतं. त्या दिवसापासून मी ‘वाचलेलं’ आणि ‘ऐकलेलं’ हे दोन वेगळे रकाने मनात धरायला लागलो.

आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. पहिल्या वर्षी मीही १९५५ च घेतलं होतं आणि साहित्य अकादमीच्या पारितोषिकांची यादी समोर ठेवून बोललो. अकादमीचं उद्घाटन १२ मार्च १९५४ ला झालं, पंडित नेहरू पहिले अध्यक्ष, आणि १९५५ पासून पारितोषिकं सुरू झाली. तेव्हा रक्कम ५,००० रुपये होती. मराठीचं पहिलं पारितोषिक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ला. मी माईकवर सांगितलं की हे १९५५ चं पुस्तक. कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त गुरुजी आमच्याच कपाटातली प्रत हातात घेऊन आले, शीर्षकपानाच्या मागची बाजू उघडली आणि बोट ठेवलं : १९५१. काही बोलले नाहीत. मला फार लागलं ते, कारण ती प्रत माझ्याच हातून शेकडो वेळा गेली होती आणि ते पान मी उलटलं नव्हतं.

पारितोषिक ज्या वर्षाचं, त्याच वर्षाचं पुस्तक असतं असं नाही. आधीच्या काही वर्षांतलं पुस्तक निवडलं जातं. कन्नडचं पहिलं पारितोषिक कुवेंपूंच्या रामायणावरच्या महाकाव्याला मिळालं, ते १९४९ चं. बंगालीचं जीवनानंद दासांना मिळालं, तेव्हा ते हयात नव्हते. ट्रामखाली सापडून ऑक्टोबर १९५४ मध्ये ते गेले होते. उलट १९५५ मध्ये खरोखर छापून आलेलं मर्ढेकरांचं ‘सौंदर्य आणि साहित्य’ गौरवलं गेलं १९५६ साली, तेही मर्ढेकर मार्चमध्ये वारल्यानंतर. आणि १९५५ चीच व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर, दुष्काळ, उठून जाणारी वाडी. खेड्यावरच्या इतक्या नितळ कादंबऱ्या मराठीत फार थोड्या आहेत. तिला अकादमीचं पारितोषिक नाही. माडगूळकरांना ते मिळालं १९८३ मध्ये, ‘सत्तांतर’साठी, अठ्ठावीस वर्षांनी. पारितोषिकांवरून वर्ष मोजलं तर १९५५ मधली ‘बनगरवाडी’ही दिसत नाही आणि ग्रामगीताही दिसत नाही.

यादीचं म्हणाल तर शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीचे दोन खंड हे मराठीतलं सगळ्यात मोलाचं काम. पण पहिला १९३७ पर्यंत येतो आणि दुसरा १९५० ला थांबतो. प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवावी असा कायदा १९५४ मध्ये झाला, आणि त्या आलेल्या प्रतींवरून भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची निघू लागली ती १९५८ पासून. म्हणजे १९५५ या दोन्हींच्या मधे पडतं. म्हणून तुमच्यासारख्याला सोपा मार्ग सांगतो : मराठी विश्वकोशातल्या लेखकांच्या नोंदी. त्या फोनवर फुकट वाचता येतात आणि पुस्तकाच्या नावापुढं साल दिलेलं असतं. तिथून पंधरा-वीस नावं काढा आणि मग जी पुस्तकं प्रत्यक्ष हाताशी आहेत त्यांची शीर्षकपानं तपासा.

शीर्षकपान तपासताना मागची बाजू बघायची. ‘प्रथमावृत्ती’ काय लिहिलंय ते महत्त्वाचं. पुनर्मुद्रणाच्या तारखेवर जाऊ नका. जुन्या पुस्तकांवर शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शकाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, तेव्हा पौष-माघ-फाल्गुनाचा उल्लेख असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. शके १८७७ आणि माघ असं छापलं असेल तर ते पुस्तक १९५६ चं धरायचं. प्रस्तावनेच्या शेवटी लेखक तिथी लिहितात, तीही बघा. पुष्कळदा छपाईपेक्षा ती जास्त सांगते. किंमत रुपये-आणे असेल तर प्रत १ एप्रिल १९५७ च्या आधीची असण्याचा संभव मोठा, कारण नये पैसे त्या दिवसापासून आले.

तुमच्या वाचनालयाची दाखल नोंदवही इतकी जुनी नसणार. आपल्याकडची बहुतेक गाववाचनालयं १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानामुळं उभी राहिली. पण यवतमाळला किंवा दारव्ह्याला जुनं वाचनालय असेल, जनपद सभेच्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या आधीच्या काळातली एखादी शाळा असेल, तिथं विचारा. आमच्याकडे अशी एक वही होती. लाल कापडी पुठ्ठा, कडेनं वाळवी लागलेली, जांभळ्या शाईत बोरूसारखं वळणदार अक्षर. तिच्यातलं १९५५ चं पान मी कितीदा वाचलं असेल. त्या वर्षी दाखल झालेली बहुतेक पुस्तकं दहा-दहा वर्षं जुनी होती. ‘बनगरवाडी’ची नोंद त्या पानावर नव्हती. ती सापडली सहा वर्षं पुढं. पुण्या-मुंबईचं १९५५ आमच्या गावात १९६१ ला उतरलं होतं. आणि ग्रामगीता? तिची नोंदच सापडली नाही, कारण ती वाचनालयातून गावात आलीच नव्हती. ती भजनी मंडळाच्या पेटीतून आली, खंजिरीबरोबर.

हे श्रोत्यांना जरूर सांगा. देशाच्या साहित्याचं एक वर्ष सगळीकडं एकाच तारखेला येत नाही, हे कापसाच्या भावाची वाट बघणाऱ्या माणसाला चटकन समजतं.

त्याच वर्षीचं गीतरामायण हा दुसरा दाखला. १ एप्रिल १९५५, रामनवमी. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पहिलं गीत लागलं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीतं, १९५६ पर्यंत. पुस्तक निघालं १९५७ ला. छापल्याचं वर्ष धरलं तर ते १९५५ मध्ये येतच नाही. ऐकल्याचं धरलं तर त्या वर्षातली सगळ्यात मोठी घटना तीच ठरते. ग. दि. आणि व्यंकटेश हे सख्खे भाऊ, माडगूळचे. एकाच वर्षी एका घरातून गीतरामायण आणि ‘बनगरवाडी’! हे सांगितलं की श्रोते हमखास मान वर करतात. गावात १९५५ ला रेडिओ कुणाकडे होता, तो कुठं ठेवायचे, त्यावर काय लागायचं, हे म्हाताऱ्यांना आधी जाऊन विचारा आणि त्यांच्या तोंडचंच सांगा. आपल्याला जवळचं केंद्र नागपूर, ते १९४८ पासून चालू होतं.

नकाशाकडंही एकदा लक्ष वेधा. १९५५ मध्ये दारव्हा मध्य प्रदेशात होतं आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. पुणे मुंबई राज्यात, औरंगाबाद हैदराबाद राज्यात, गोवा पोर्तुगिजांकडं. मराठी लिहिणारे चार राजवटींत वाटलेले होते. हिंदीचं पहिलं अकादमी पारितोषिक मिळालेले माखनलाल चतुर्वेदी खंडव्याचे, म्हणजे त्या वर्षी ते आणि मोझरीचे महाराज एकाच राज्याचे रहिवासी. राज्य पुनर्रचना आयोगानं ३० सप्टेंबर १९५५ ला अहवाल दिला आणि त्यात विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस होती. आयोगाच्या तीन सदस्यांपैकी एक, के. एम. पणिक्कर, स्वतः मल्याळीत कादंबऱ्या लिहिणारे. पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. साहित्याच्या कार्यक्रमात हे कशाला, असं कार्यकारिणीतलं कुणी म्हणेल. पण कोणत्या भाषेत शाळा, कोणत्या शहरातून पुस्तक येणार, कोणतं वर्तमानपत्र एसटी थांब्यावर पडणार, हे सगळं त्या रेषांवर ठरत होतं. वेगळ्या विदर्भाच्या बाजूनं किंवा विरोधात तिथं बोलू नका मात्र; चर्चा तिकडंच वाहून जाईल आणि पुस्तकं टेबलावरच राहतील.

बाकी भाषांचं सगळं सांगायला जाऊ नका, तासात मावत नाही. मी दोन घेतो. १८ जानेवारी १९५५ ला उर्दू कथाकार सआदत हसन मंटो लाहोरला वारला. पंजाबात जन्मलेला, मुंबईत बरीच वर्षं राहिलेला लेखक, फाळणीनंतर पलीकडं राहिला आणि तिथं मेला. ‘देशाचं साहित्य’ म्हणताना देश कुठवर धरायचा, हा प्रश्न त्याच्याएवढा कुणी उभा करत नाही. दुसरे गोपीनाथ महांती. ओडियाचं पहिलं पारितोषिक त्यांच्या ‘अमृतर संतान’ला, कोंध आदिवासींच्या जगण्यावरची मोठी कादंबरी. यवतमाळ जिल्ह्यात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे पाडे, आहेत, हे लक्षात घेऊन ती निवडा. राजधानीतल्या पहिल्याच पारितोषिकांतलं एक आदिवासींच्या गोष्टीला मिळालं आणि त्याच वर्षी आपल्या पोडावरच्या गाण्यांची नोंद कुठल्याच वहीत होत नव्हती. श्रोत्यांत पोडावरचं कुणी असेल तर त्यांना आधी भेटून एखादं गाणं म्हणाल का, असं विचारा. त्यांची तयारी असेल तरच. आग्रह धरू नका.

आणखी एक गोष्ट हवी, ती बहुतेक जण सोडतात : त्या वर्षी लिहिलं जात होतं, पण कुणालाच दिसत नव्हतं ते. हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध १९४८ पासून दहा वर्षं नागपुरात होते. आपल्यापासून दीड-दोनशे किलोमीटरवर, भाड्याच्या घरात, नोकरीच्या ओढाताणीत त्यांचं लिहिणं चालू होतं. त्यांचा पहिला हिंदी कवितासंग्रह निघाला १९६४ ला, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी-समीक्षक. एक घर, दोन भाषा, आणि १९५५ च्या कोणत्याही यादीत थोरल्याचं एकही पुस्तक नाही. तुमच्या गावातही कुणी वहीत लिहून ठेवलेलं असेल. कीर्तनाची टिपणं, भजनं, पोळ्याच्या झडत्या. अशी एखादी वही मिळाली तर ती टेबलावर छापील पुस्तकांच्या शेजारीच ठेवा, वेगळी मागं ठेवू नका.

थोडक्यात, तासाची मांडणी अशी होईल. सुरुवातीची वीस मिनिटं ग्रामगीतेला आणि ती गावात कशी आली त्याला. मग गीतरामायण, ‘बनगरवाडी’, आणि जमलं तर गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’, तीही १९५५ चीच, कोकणावरची, पण दांडेकर जन्मले आपल्या परतवाड्याला, हे सांगितलं की ऐकणारे सरसावून बसतात. त्यानंतर पारितोषिकं आणि नकाशा दहा मिनिटांत उरका. मंटो, महांती, मुक्तिबोध शेवटी. टेबलावर दहापेक्षा जास्त पुस्तकं नकोत. प्रत्येकात शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला कागदाची खूण घाला आणि लोकांना ते पान स्वतः उलटू द्या. पोरांना तर ‘यातलं खरं १९५५ चं कोणतं ते शोधा’ असं सांगून सोडलं की तास कसा जातो कळत नाही. ज्या पुस्तकांच्या प्रती मिळणार नाहीत त्यांची नावं खडूनं फळ्यावर लिहा. मुखपृष्ठांचे छापील फोटो लावू नका, लोक त्यालाच पुस्तक समजून निघून जातात.

दिवस शक्यतो सोमवार ते गुरुवारातला घ्या, आणि गावाचा बाजार ज्या दिवशी असेल तो टाळा. वेचणी आणि तुरीची सोंगणी संपल्याशिवाय बायका येणार नाहीत, तेव्हा वर्धापनदिन आठ-पंधरा दिवस पुढं ढकलायची कार्यकारिणीची तयारी आहे का, हे आत्ताच विचारून ठेवा. वीज संध्याकाळी जाते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे माईकवर विसंबून राहू नका.

ग्रामगीतेच्या ओव्या तुम्ही स्वतः वाचू नका. भजनी मंडळातला जो माणूस प्रार्थनेला रोज बसतो, त्याला सांगा. एकच अध्याय, ग्रामशुद्धीचा, त्यातल्या वीस-पंचवीस ओव्या पुरेत. आदल्या संध्याकाळी त्याच्याकडून एकदा खंजिरीशिवाय म्हणवून घ्या आणि घड्याळ लावा; चालीत म्हणताना आपल्या अंदाजाच्या दुप्पट वेळ लागतो.